उन्हाळ्यातील कुंड्या : फुलांचा आणि पाण्याचा हिशेब

दरवर्षी एक मे रोजी महाराष्ट्र दिनाचे ध्वजवंदन गावोगावच्या ग्रामपंचायतींच्या आणि शाळांच्या प्रांगणात होते. त्या दिवशी ध्वजस्तंभाभोवती चुन्याची रेघ असते, रांगोळी असते आणि पुष्कळ ठिकाणी फुलझाडांच्या कुंड्याही मांडलेल्या असतात. पंधरा दिवसांनी त्याच प्रांगणात गेल्यास निराळे दृश्य दिसते. माती दगडासारखी घट्ट झालेली असते, वाळलेल्या काड्या उभ्या असतात आणि एखाददुसऱ्या कुंडीत कागदाचे बोळे पडलेले असतात. ज्यांनी हौसेने झाडे लावली त्यांनाच ती वाळताना पाहावी लागतात. पुढच्या वर्षी मग 'आपल्याकडे उन्हाळ्यात काही जगत नाही' असा समज पक्का होतो.

हा समज अर्धाच खरा आहे. महाराष्ट्रात उन्हाळा कडक असतो आणि पाणी थोडे असते, हे निर्विवाद होय. तथापि कुंड्या वाळतात त्या केवळ उन्हामुळे नव्हे. झाडांची निवड चुकते, कुंडी चुकीच्या जागी ठेवली जाते आणि मुख्य म्हणजे लावण्यापूर्वी पाण्याचा हिशेब केलेला नसतो. ज्या गावात मार्चपासून हंडे-कळशांची रांग लागते, तेथे फुलांना पाणी घालणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न लोकांच्या मनात येणारच. त्याचे उत्तर टाळून चालणार नाही. ते आकड्यांत द्यावे लागेल.

पाण्याचा हिशेब

तोंडाशी १२ इंच व्यासाच्या मातीच्या कुंडीत साधारणपणे १२ ते १४ लिटर माती मावते. योग्य झाड, योग्य जागा आणि मातीवर आच्छादन असेल, तर ऐन मे महिन्यात अशा कुंडीला दररोज सुमारे दीड लिटर पाणी लागते, असे धरून चालावे. म्हणजे २० कुंड्यांना ३० लिटर, अर्थात दोन मध्यम बादल्या पाणी झाले. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागातील प्रत्येक व्यक्तीसाठी दररोज किमान ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरविले. त्या मापाने २० कुंड्यांचे पाणी हे एका माणसाच्या दिवसाच्या पाण्याच्या निम्म्याहून थोडे अधिक भरते. १०० कुंड्या मांडल्या तर तेच पाणी जवळजवळ तीन माणसांचे होते. संख्या ठरविताना हा आकडा डोळ्यांसमोर असावा.

यातून पहिला नियम निघतो : जितके वापरलेले पाणी रोज हाती येते, तितक्याच कुंड्या लावाव्यात. पिण्याचे पाणी फुलांसाठी राखून ठेवू नये. गावाला टँकरने पाणी येत असेल, तर त्यातले घागरभरही कुंड्यांकडे वळवू नये.

वापरलेले पाणी कोठून मिळते, याचा शोध घेतला तर ते वाटते त्याहून अधिक असते. तांदूळ, डाळी व भाज्या धुतलेले पाणी झाडांना उत्तम. पाण्याच्या टाकीखाली व नळाखाली सांडणारे पाणी बादलीत धरता येते. नळातून सेकंदाला एक थेंब गळत असेल, तर दिवसाचे ८६,४०० थेंब म्हणजे सुमारे चार लिटर पाणी वाया जाते. तेवढ्यात दोन कुंड्या सहज जगतात. अर्थात नळ दुरुस्त करणे हाच त्यावरचा खरा उपाय. पण तो दुरुस्त होईपर्यंत बादली तरी खाली असावी. कपडे धुतलेले साबणाचे पाणी मात्र कुंडीत घालू नये. जमिनीत ते मुरून जाते, कुंडीत त्यातले क्षार साठतात आणि मुळांना अपाय होतो. खोलीतील कूलरच्या तळाशी राहिलेले पाणीही असेच क्षारयुक्त असते. विंधनविहिरीचे पाणी जड असेल, तर कुंडीच्या बाहेरील अंगावर पांढरा थर चढू लागतो. तो दिसताच एकदा कुंडीतून भरपूर पाणी खाली वाहून जाऊ द्यावे, म्हणजे साठलेले क्षार निघून जातात. वळवाच्या पहिल्या सरीत कुंड्या उघड्यावर ठेवल्या तर हे काम पाऊसच करतो.

उन्हात टिकणारी फुले

हिवाळ्यात फुलणारी पिटुनिया, फ्लॉक्स, पॅन्सी ही थंड हवेची फुले होत. फेब्रुवारीत ती बहरलेली पाहून अनेकजण तीच झाडे मे महिन्यासाठी आणतात आणि निराश होतात. उन्हाळ्यासाठी उष्ण प्रदेशातील झाडेच निवडावी लागतात.

यांत पहिला मान चिनी गुलाबाचा. दक्षिण अमेरिकेतील ब्राझील, अर्जेंटिना, उरुग्वे हा या झाडाचा मूळ प्रदेश. त्याची फुले सकाळी नऊ-दहाच्या सुमारास उमलतात आणि दुपार कलू लागली की मिटतात, म्हणून महाराष्ट्रात त्याला 'ऑफिस टाइम' असे मार्मिक नाव मिळाले आहे. कचेरीच्या दारात ठेवण्यास याहून समर्पक फूल नाही! त्याची पाने मांसल असून त्यांत पाणी साठलेले असते. एक-दोन दिवस पाणी चुकले तरी हे झाड तग धरते. तीन इंचांची फांदी मोडून ओलसर मातीत खोचली की आठवड्याभरात मुळे धरते. त्यामुळे एका कुंडीवरून साऱ्या गावाला रोपे पुरविता येतात. त्याला खोल कुंडी लागत नाही. पसरट भांडे पुरते. ऊन मात्र भरपूर हवे, सावलीत फुले उमलत नाहीत.

दुसरे झाड सदाफुलीचे. मादागास्कर बेटावरून जगभर पसरलेली ही वनस्पती आपल्या अंगणात इतकी रुळली आहे की ती परकी वाटतच नाही. तिच्या पानांत विषारी द्रव्ये असल्यामुळे गुरे-शेळ्या तिला सहसा तोंड लावीत नाहीत. ज्या शाळेला कुंपण नाही, तेथे हा गुण फार मोलाचा ठरतो. याच वनस्पतीपासून १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून व्हिनब्लास्टीन आणि व्हिनक्रिस्टीन ही कर्करोगावरील महत्त्वाची औषधे मिळाली. ती द्रव्ये शुद्ध करून, मोजून, वैद्यकीय देखरेखीखाली दिली जातात. घरच्या घरी मधुमेहावर किंवा अन्य रोगावर सदाफुलीची पाने खाणे धोक्याचे आहे, ही गोष्ट शिक्षकांनी मुलांना आवर्जून सांगावी.

झिनिया मेक्सिकोतून आली. बी थेट कुंडीत पेरता येते, चार ते सात दिवसांत उगवते आणि सुमारे दोन महिन्यांत फुलते. रोप चार-पाच इंच उंच झाल्यावर शेंडा खुडल्यास त्याला अधिक फांद्या फुटून फुलांची संख्या वाढते. गोम्फ्रेनाची गोल, बटणासारखी जांभळी-गुलाबी फुले वाळल्यावरही रंग सोडीत नाहीत. हारांत दिसणारा पिवळा-तांबडा गलांडा हा मूळचा उत्तर अमेरिकेतील असून हलक्या जमिनीत आणि थोड्या पाण्यावर फुलतो. नारंगी-पिवळा कॉसमॉसही उन्हाळ्यात सहज येतो. परंतु तो पुणे परिसरातील टेकड्यांवर रानोमाळ पसरलेला आढळतो आणि स्थानिक रानफुलांची जागा व्यापतो. म्हणून वन किंवा गवताळ माळ जवळ असेल तेथे तो लावू नये.

यांपैकी चिनी गुलाब आणि गोम्फ्रेना यांच्या काटकपणामागे एक शास्त्रीय कारण आहे. वनस्पती पानांवरील सूक्ष्म रंध्रांतून कर्बवायू घेतात. त्याच रंध्रांतून पाण्याची वाफही बाहेर पडते. ज्वारी, मका व ऊस यांच्या पानांत कर्बवायू आत साठवून त्याचा पुरेपूर उपयोग करण्याची विशेष रचना असते. त्यामुळे रंध्रे कमी उघडी ठेवूनही त्यांचे अन्न तयार होते आणि पाण्याची बचत होते. चिनी गुलाब आणि गोम्फ्रेना यांच्या पानांतही तशीच व्यवस्था आहे. विज्ञानाच्या तासाला हा धडा वर्गाबाहेर, कुंडीजवळ उभे राहून शिकविता येईल.

बहुवर्षायू झाडांत बोगनवेल आणि मोगरा यांना पर्याय नाही. बोगनवेलीचा रंगीत भाग म्हणजे फूल नव्हे, फुलाभोवतीची पाने होत. तिला पाणी जास्त झाले तर पाने माजतात व रंग कमी होतो. बेताच्या पाण्यावर ती अधिक फुलते. मोगऱ्याचा बहर मार्च ते जून. हिवाळ्यात त्याचे पाणी तोडावे, जानेवारीत छाटणी करून खत द्यावे आणि मग पुन्हा पाणी सुरू करावे. पालघर जिल्ह्यातील जव्हार-विक्रमगड भागातील आदिवासी शेतकऱ्यांनी मोगऱ्याची लागवड करून त्यातून रोजची मिळकत उभी केली आहे. कुंडीतील मोगरा हा त्या शेतीचाच लहान नमुना होय. कोकणात आणि गोव्यात, जेथे हवा दमट असते, तेथे अर्धसावलीत अबोली लावावी. दुपारचे थेट ऊन तिला सोसत नाही.

कुंडी, माती आणि जागा

भाजलेल्या मातीची कुंडी सच्छिद्र असते. तिच्या अंगातून पाणी झिरपून त्याची वाफ होते आणि माठातील पाण्याप्रमाणे आतील माती थंड राहते. तीत पाणी थोडे अधिक लागते, पण मुळे भाजत नाहीत. प्लॅस्टिकच्या कुंडीत पाणी टिकते, परंतु काळ्या रंगाची कुंडी उन्हात फार तापते. तेलाचे पत्र्याचे रिकामे डबे वापरावयाचे झाल्यास त्यांच्या तळाला भोके पाडावीत आणि भोवती गोणपाट गुंडाळावे. कीटकनाशकांचे अथवा रसायनांचे डबे मात्र धुऊनही वापरू नयेत.

मराठवाडा-विदर्भातील काळी माती कुंडीत एकटी वापरणे चुकीचे ठरते. ती वाळताना आकसते, कुंडीच्या कडेला फट पडते आणि घातलेले पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जाते. वरून पाहणाऱ्यास भरपूर पाणी दिल्यासारखे वाटते आणि मुळे कोरडीच राहतात. यासाठी दोन घमेली पोयट्याची माती, एक घमेले चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक घमेले जाड वाळू किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा असे मिश्रण करावे. प्रत्येक कुंडीस मूठभर निंबोळी पेंड घालावी. तळाच्या भोकावर खापराचा तुकडा पालथा ठेवावा, त्यावर थोडा वाळलेला पाला पसरावा आणि मग माती भरावी. वर एक ते दीड इंच जागा पाण्यासाठी रिकामी सोडावी. गच्चीवर कुंड्या ठेवताना वजनाचाही विचार हवा. पाणी घातलेली १२ इंची कुंडी सुमारे २० किलोग्रॅम भरते.

जागा निवडताना इमारतीची पूर्वेची बाजू उत्तम. तेथे सकाळचे ऊन मिळते आणि दुपारी सावली येते. पश्चिमेच्या भिंतीलगत ठेवलेल्या कुंड्यांना दुपारचे ऊन आणि तापलेल्या भिंतीची धग, अशी दुहेरी झळ बसते. सिमेंटच्या फरशीवर कुंडी थेट न ठेवता दोन विटांवर ठेवावी. कुंड्या रांगेत दूर दूर मांडण्यापेक्षा एकत्र, परस्परांना सावली देतील अशा ठेवाव्यात. मोठ्या कुंड्या बाहेर, लहान आत, असा गट केल्यास मधल्या कुंड्यांना पाणी कमी लागते. मे महिन्याच्या अखेरीस विदर्भात नवतपा सुरू होतो, तेव्हा असे गट झाडाखाली अथवा हिरव्या जाळीखाली हलवावेत. कोकणात उन्हापेक्षा दमटपणाचा त्रास अधिक, म्हणून तेथे कुंड्यांमध्ये वारा खेळेल इतके अंतर राखावे.

पाणी देण्याच्या जुन्या आणि सोप्या रीती

पाणी सकाळी ऊन चढण्यापूर्वी द्यावे. बोट दोन इंच मातीत घालून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पाण्याची गरज नाही. दुपारी पाने मलूल दिसली आणि संध्याकाळी पुन्हा ताठ झाली, तर ती तहान नसून उन्हापासून बचाव करण्याची झाडाची रीत असते. तेवढ्यावरून पाणी ओतत राहिल्यास मुळे कुजतात. उन्हात पडलेल्या रबरी नळीतील पहिले पाणी कढत असते. ते आधी बादलीत काढावे.

मातीवर दोन इंच आच्छादन घातल्याने उघड्या मातीतून होणारे बाष्पीभवन पुष्कळ कमी होते. उसाचे पाचट, वाळलेला पाला, नारळाच्या शेंड्या, लाकडाचा भुसा यांपैकी गावात जे फुकट मिळते ते वापरावे.

शंकराच्या पिंडीवर टांगलेल्या अभिषेकाच्या गळतीतून थेंब थेंब पाणी दिवसभर पडत राहते. थोडे पाणी सावकाश देण्याचे हे तत्त्व कुंडीलाही लावता येते. त्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे मातीत पुरलेले मडके. चीनमधील सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका कृषिग्रंथातही तिचे वर्णन आहे. मडक्याच्या सच्छिद्र अंगातून माती आपल्या गरजेपुरते पाणी ओढून घेते. माती ओली असेल तेव्हा झिरपणे आपोआप मंदावते. यासाठी नवी खरेदी करण्याचीही जरुरी नाही. संक्रांतीच्या पूजेची सुगडे नंतर घराघरांत पडून राहतात. त्यांतील रंग न दिलेली सुगडे धुऊन कुंडीत गळ्यापर्यंत पुरावीत, पाण्याने भरावीत आणि वर खापराचे झाकण ठेवावे. सुगडात पाव ते अर्धा लिटर पाणी मावते. सकाळ-संध्याकाळ ते भरले की वरून पाणी ओतण्याची आवश्यकता बरीच कमी होते.

झाकण ठेवण्याचे महत्त्व केवळ बाष्पीभवनापुरते नाही. डेंग्यूचा प्रसार करणारे एडिस जातीचे डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतात आणि उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत अंड्यापासून पूर्ण डास तयार होतो. म्हणून कुंडीखाली ताटल्या शक्यतो ठेवू नयेत. ठेवल्यास आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून त्या रिकाम्या कराव्यात, घासाव्यात आणि उन्हात वाळवाव्यात. सुगडांनाही हाच नियम लागू आहे.

कोरड्या हवेत पानांच्या मागील बाजूस लाल कोळी आणि कोवळ्या शेंड्यांवर मावा व पिठ्या ढेकूण दिसू लागतात. आरंभीच पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. ५० ग्रॅम निंबोळीचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, एकूण एक लिटर द्रावण केले की तो तयार होतो. फवारणी संध्याकाळी करावी.

वेळापत्रक आणि जबाबदारी

एक मे रोजी फुले हवी असतील, तर तयारी एप्रिलमध्ये सुरू करून भागत नाही. गलांड्याचे बी डिसेंबर-जानेवारीत, गोम्फ्रेनाचे फेब्रुवारीच्या आरंभी आणि झिनियाचे फेब्रुवारीच्या अखेरीस पेरावे. चिनी गुलाबाच्या फांद्या मार्चच्या अखेरीस लावाव्यात. बोगनवेल व मोगरा एकदा लावले की वर्षानुवर्षे टिकतात. तेव्हा पहिल्या वर्षी त्यांवरच अधिक भर देणे किफायतीचे ठरते.

खरा प्रश्न एक मेनंतर सुरू होतो. शाळेला सुट्टी लागते, शिक्षक गावी जातात, शाळेची टाकी रिकामी होते आणि जूनच्या मध्यापर्यंत, विदर्भात तर त्याहूनही अधिक काळ, कुंड्यांकडे पाहण्यास कोणी राहात नाही. झाडे मरतात ती बहुधा याच काळात. त्यावर उपाय आहे, आणि त्याला खर्च येत नाही. सुट्टी लागताना मुलांपैकी ज्यांची इच्छा असेल आणि ज्यांच्या घरी वापरलेले पाणी निघते, त्यांना एकेक लहान कुंडी सांभाळण्यास द्यावी. नाव, झाडाचा प्रकार आणि दिल्याची तारीख वहीत लिहावी आणि शाळा उघडण्याच्या दिवशी कुंडी परत आणावयास सांगावी. मूल घरच्या मोरीतील तांदळाचे पाणी झाडाला घालू लागले, की पाण्याचा हिशेब त्याला निराळा शिकवावा लागत नाही. एखादी कुंडी वाळली तर त्याबद्दल शिक्षा न करता ती का वाळली याची वर्गात चर्चा करावी. ती माहिती पुढच्या वर्षी उपयोगी पडते.

जड कुंड्या ग्रामपंचायतीच्या किंवा आरोग्य उपकेंद्राच्या आवारात, जेथे रोज माणसांचा वावर असतो तेथे, एकत्र ठेवाव्यात. त्यांची जबाबदारी 'सर्वांची' ठेवू नये. सर्वांची जबाबदारी म्हणजे कोणाचीच नव्हे, हा नेहमीचा अनुभव आहे. आठवड्याला एका व्यक्तीचे नाव फलकावर लिहावे. शिपायावर आणखी एक काम लादण्यापेक्षा सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी, अंगणवाडी सेविका यांनी पाळीपाळीने ते वाटून घेणे न्यायाचे होईल.

ज्या ग्रामपंचायतीला हे साधणार नसेल, तिने उन्हाळ्यात पन्नास कुंड्यांची रांग मांडू नये. पाचच कुंड्या ठेवाव्यात, पण त्या जूनमध्येही हिरव्या असाव्यात. समारंभासाठी आणलेल्या आणि नंतर वाळून गेलेल्या पन्नास कुंड्या पाण्याची व पैशाची उधळपट्टी सांगतात. वापरलेल्या पाण्यावर जगविलेल्या पाच कुंड्या पाहून गावकरी एवढे तरी ओळखतात की येथे थेंबाचा हिशेब ठेवला जातो. मृगाच्या सरी येतील तेव्हा या पाच कुंड्यांतील चिनी गुलाबाच्या फांद्या तोडून पन्नास घरी देता येतील, आणि पुढील उन्हाळ्याची तयारी त्याच दिवशी सुरू होईल.